परिशिष्टातल्या सह्या

मासेमारी बंदीवरच्या सुनावणीला वीस मिनिटं उरली होती, तेव्हा कुठे धाकटीच्या हातात अहवालाची छापील प्रत पडली. विद्यापीठाच्या सागरी धोरण विभागात ती चार वर्षं पीएच.डी. करत होती. विषय काय, तर समुद्राबद्दलचे निर्णय घेताना मच्छीमारांना कोणी विचारतं का. शेवटचं परिशिष्ट उघडलं आणि ती जागीच थिजली. तिनेच गोळा केलेली सव्वीस संमतीपत्रं तिथे ओळीने छापली होती, आणि वर ठळक मथळा: 'मासेमारी बंदीस स्थानिकांची संमती'.

अहो, कसली डोंबलाची संमती! संशोधनाचा नियमच आहे, कुणाची मुलाखत घ्यायची तर आधी लेखी परवानगी घ्या. 'मुलाखत द्यायला माझी हरकत नाही,' एवढंच त्या कागदावर होतं. मुलाखतीत तर एकूण एक माणसाने बंदीला शिव्या घातल्या होत्या! पहिली सही काकांची होती. वडील गेल्यावर त्यांनीच घरातल्या या धाकट्या पुतणीला वाढवलं, शिकवलं. त्यांची होडी एवढीशी, खाडीच्या तोंडापलीकडे जायची नाही, आणि बंदी नेमकी खाडीच्या तोंडाशीच येणार होती.

ती तरातरा सरांच्या खोलीत शिरली. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक, आणि अहवालाचे लेखकही तेच.

"सर, ही मुलाखतीची संमतीपत्रं आहेत."

"अगं, वर सरकारला लोकसहभाग दाखवावा लागतो. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

"लोक नाही म्हणालेत, सर! सगळेच्या सगळे!"

"मग ते तुझ्या प्रबंधात लिही ना, कोण अडवतंय? फक्त त्याच्यावर माझी सही लागते, तेवढं विसरू नकोस."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, तो अहवाल त्यांच्या टेबलावर आपटावा. पण तो घेऊन ती सरळ सभागृहात गेली. मच्छीमार मंडळी मागच्या रांगांत अवघडून बसली होती. तिने काकांना आणि आजूबाजूच्या सगळ्यांना झालेलं सांगितलं. सांगताना लाजेने तिची मान वर होत नव्हती.

"संमती कधीही मागे घेता येते, काका. कारणही द्यावं लागत नाही. पण मग मुलाखतीही नष्ट कराव्या लागतात."

"म्हणजे तुझी चार वर्षं?"

"गेली."

सुनावणी सुरू झाली. अध्यक्षांनी परिशिष्टाचा उल्लेख करताच काका उठून उभे राहिले.

"माझी सही मी परत घेतो."

मग शेजारचा उठला, मग त्याची बायको, मग मागची अख्खी रांग. सर घाम पुसत राहिले. सव्विसाव्या माणसानंतर अध्यक्षांनी परिशिष्ट रद्द केलं आणि बंदीचा निर्णय पुढे ढकलला.

बाहेर पायऱ्यांवर धाकटीने काकांना गाठलं. रडू आवरत म्हणाली, "मी नव्याने सुरू करीन काका. दुसरे मार्गदर्शक शोधीन. पुन्हा सगळ्यांना भेटीन, नीट विचारीन."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"ये की. घर तुझंच आहे, पोटभर जेव, हवं ते विचार. पण पोरी, कागद काढू नकोस. तुझ्या कागदावर आता कुणी सही करायचं नाही. मीसुद्धा नाही."