चौसष्ट लिटर शाई

"ही शाई तुमचीच ना, बाई?"

परीक्षा विभागातल्या साहेबांनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि बोट एकावरून दुसऱ्यावर फिरवलं. बाईंनी चष्मा लावला. डावीकडे नुकत्याच झालेल्या भरती परीक्षेची प्रश्नपत्रिका होती. त्यातला मिश्रणाचा प्रश्न बाईंनी स्वतः काढलेला होता. एका पिंपात चौसष्ट लिटर शाई आहे. त्यातली सोळा लिटर काढून तेवढंच पाणी ओतलं. मग ढवळून पुन्हा सोळा लिटर मिश्रण काढलं आणि पाणी ओतलं. असं एकूण तीनदा केलं, तर पिंपात शाई किती उरली? उजवीकडचा कागद गावातल्या एका क्लासचा सराव पेपर होता, परीक्षेच्या आधीच घेतलेला. त्यातही पिंप होतं, चौसष्ट लिटर होते, सोळा लिटर होते. आणि शाई होती.

"माझीच," बाई म्हणाल्या.

"दूध असतं तर मी आलोच नसतो," साहेब म्हणाले. "दूध-पाण्याची गणितं काय, पोत्यानं मिळतात. पण शाई? मी सगळी पुस्तकं चाळली. शाई कुणीच घेत नाही हो."

ते खरं होतं. बाईंनी सगळी हयात शाळेत गणित शिकवण्यात घालवली, पण दुधात पाणी कधी घातलं नाही. "भेसळ कशी करायची ते मी पोरांना शिकवू? ते शिकवणारे बाहेर काय थोडे आहेत?" असं त्या म्हणायच्या आणि फळ्यावर शाईचं पिंप काढायच्या. हेडमास्तर हसायचे. निवृत्तीनंतर परीक्षा विभागानं त्यांना प्रश्न काढायचं काम दिलं, तेव्हाही पिंप त्यांच्याबरोबर आलं. हे काम त्यांनी शेजारीपाजारी कुणाला कळू दिलं नव्हतं. दार लावून हातानं प्रश्न लिहायचे, कपाटात कुलपात ठेवायचे आणि पाकीट स्वतः नेऊन द्यायचं, असा शिरस्ता. या कानाचं त्या कानाला नाही.

"घरात कोण कोण असतं?" साहेबांनी विचारलं.

"मी आणि माझी भाची."

"काय करते?"

"बँकेच्या परीक्षांचा अभ्यास. ही परीक्षा तिनं दिलेली नाही, तसं मी आधीच लिहून दिलंय."

"ते पाहिलंय मी. क्लासला जाते कुठल्या?"

बाईंची नजर उजवीकडच्या कागदाच्या माथ्यावर गेली. क्लासचं नाव तिथे ठळक छापलेलं होतं. साहेबांनी ती नजर टिपली.

"नाव काय भाचीचं?"

बाईंनी नाव सांगितलं. सांगताना आपण एखादा जिन्नस दुसऱ्याच्या हातात देतोय असं त्यांना वाटलं, पण तोवर देऊन झालं होतं.

साहेब गेले. भाचीला घरात सगळे खारू म्हणायचे. लहानपणी ती तोंडातला घास गालात साठवून बसायची, म्हणून खारूताई, आणि मग नुसतीच खारू. बहीण गेली तेव्हा बापानं दुसरा संसार मांडला आणि पोर मावशीच्या पदरात आली. बाईंनी लग्न केलं नव्हतं. लोक म्हणायचे, बाईंना आयती लेक मिळाली. बाई म्हणायच्या, आयतं काही नसतं, कानदुखीच्या रात्री कुणी जागून काढल्या ते मला विचारा.

आता त्याच खारूचे दिवस बाई मनातल्या मनात उलटे मोजू लागल्या. प्रश्न कपाटात होते तेव्हा ही कुठे होती? किल्ली माझ्याकडेच होती का? एकदा चष्म्याच्या नंबराचा कागद हवा होता, तेव्हा किल्ली तिच्या हातात दिली होती. दिली होती खरी. कागद शोधायला एवढा वेळ का लागला होता?

संशयाला घरात शिरायला दार लागत नाही. खारू संध्याकाळी आली, चप्पल काढली आणि "मावशी, चहा टाकू?" म्हणाली, तर बाईंना वाटलं, आज हिचा आवाज एवढा गोड का? दुसऱ्या दिवशी तिनं चहाचं विचारलं नाही, तर वाटलं, ही आता डोळे चुकवते. खारूनं फोन पालथा ठेवला की बाईंचं लक्ष त्या पालथ्या फोनवर. ती गॅलरीत जाऊन बोलली की बाई न्हाणीघराच्या खिडकीशी. एकदा ऐकू आलं, "नाही गं, मावशीला नको सांगूस, मीच सांगीन." बाईंनी कपाटाच्या दाराला दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो जमिनीवर पडलेला दिसला. मग पंखा चालू होता हे ध्यानात आलं. त्यांनी पंखा बंद केला आणि दोरा पुन्हा लावला.

विचारावं सरळ, असं त्यांना रोज वाटे. पण विचारलं आणि ती "हो" म्हणाली तर? आणि "नाही" म्हणाली, तर ते तरी खरं कशावरून?

चौथ्या की पाचव्या दिवशी खारू आंघोळीला गेली आणि बाईंनी तिची सॅक उघडली. आत क्लासचे कागद, कंगवा, अर्धं बिस्किटांचं पाकीट. त्या कागद एकेक करून बघत होत्या आणि नळाचा आवाज कधी थांबला ते त्यांना कळलंच नाही.

"काय शोधतेस?"

खारू दारात उभी होती. केसांना टॉवेल गुंडाळलेला.

"काही नाही. पेन."

"पेन तुझ्या केसांत आहे, मावशी."

बाईंचा हात आपसूक अंबाड्याकडे गेला. पेन तिथेच होतं. वर्षानुवर्षांची सवय. एरवी दोघी हसल्या असत्या.

"तुझ्या क्लासच्या पेपरात माझा प्रश्न आला," बाई म्हणाल्या. एकदा बोलायला लागल्यावर त्यांना थांबता येईना. "जसाच्या तसा. शाईसकट. परीक्षेच्या आधी. कपाटाची किल्ली तुझ्याकडे होती की नाही?"

"कधी?"

"चष्म्याच्या वेळी."

"तूच दिली होतीस. मी मागितली नव्हती."

"मी म्हणत नाही तू मुद्दाम काही केलंस. कुणी विचारलं असेल, बोलता बोलता तोंडून निघून गेलं असेल—"

"तू प्रश्न काढतेस हे मला आत्ता कळतंय, मावशी!" खारूचा आवाज चिरकला. "दार लावून बसायचीस तेव्हा मला वाटायचं तू पेन्शनीचे कागद करतेस. आणि गॅलरीतलं माझं बोलणं तू खिडकीतून ऐकतेस, दिसतं मला; तर ऐक. मी पूर्वपरीक्षेत नापास झालेय. तेच सांगायचं होतं. धीर होत नव्हता."

बाईंनी कागद सॅकमध्ये परत ठेवले. ते नीट बसेनात.

"विभागातले साहेब आले होते," त्या म्हणाल्या.

"मग? त्यांना काय सांगितलंस?"

बाई सॅकची चेन लावू लागल्या.

"माझं नाव दिलंस?"

"त्यांनी विचारलं घरात कोण असतं. खोटं कसं बोलू?"

"नाव सांगितलंस ते ठीक आहे गं," खारू सावकाश म्हणाली. "पण माझी भाची असलं करणार नाही, एवढं म्हणालीस का?"

ते बाई म्हणाल्या नव्हत्या. त्या दिवशी ते त्यांना सुचलंच नव्हतं, आणि त्याचं कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. खारूनं केस न पुसताच सॅक उचलली. दुपारी ती कपडे घेऊन मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. भांडली नाही, रडली नाही. जाताना दार हळूच ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाई उठल्या आणि सरळ त्या क्लासला गेल्या. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर लांबट खोली होती आणि बाकांवर पोरं दाटीवाटीनं बसली होती. बाई मागच्या बाकाच्या टोकाला टेकल्या. कुणाची तरी आजी चौकशीला आली असेल, असं समजून कुणी लक्ष दिलं नाही. फळ्याजवळ एक जाडजूड माणूस पाठमोरा उभा होता. त्यानं फळ्यावर पिंप काढलं होतं.

"आता घोटाळा कुठे होतो बघा," तो म्हणत होता. "तुम्ही म्हणता, तीनदा सोळा, म्हणजे अठ्ठेचाळीस गेले, सोळा उरले. आणि पर्यायात सोळा दिलेला असतोच, तुमची वाट बघत. अरे पण दुसऱ्यांदा जे सोळा लिटर काढलं ती सगळी शाई होती का? आधी काय गेलं ते बघा, मग काय आलं ते!"

शब्दच नव्हे, त्या "बघा"वर खडू आपटायची तऱ्हासुद्धा बाईंची होती.

"प्रत्येक वेळी चौथा हिस्सा जातो आणि तीन चतुर्थांश उरतो. चौसष्टाचे अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीसचे छत्तीस, छत्तीसचे सत्तावीस." एवढं बोलून तो वळला आणि त्याचा हात हवेतच थांबला. "बाई?"

सगळा वर्ग मागे वळून बघू लागला. बाईंनी डोळे बारीक केले. एवढ्या मोठ्या देहात त्यांना एक शेंबडं पोरगं शोधायचं होतं. मग त्याचे कान दिसले. "ठोकळ्या?" त्या म्हणाल्या आणि वर्गात खसखस पिकली.

ठोकळ्यानं त्यांना शेजारच्या खोलीत नेलं, खुर्ची रुमालानं पुसून दिली. बाई बसल्या नाहीत.

"शाई कुठून आणलीस?"

"तुमच्याकडनंच की."

बाईंनी खुर्चीची पाठ धरली. "कुणी आणून दिली?"

"कुणी म्हणजे? तुम्हीच. आठवीत." ठोकळ्या गोंधळला होता. "मी दुधाचं गणित करून आणलं, तर तुम्ही वही भिरकावलीत आणि म्हणालात, ठोकळ्या, गवळी व्हायचंय का तुला? तेव्हापासून मी शाईच घेतो. क्लास काढल्यापासून दर वर्षी. जुने पेपर आहेत माझ्याकडे, साहेबांना दाखवलेत मी. ते म्हणतात, योगायोग एवढा नसतो. विचारतात, आकडे कसे जुळले?"

"आकडे," बाई म्हणाल्या आणि मग खाली बसल्या.

"तीनदा काढायचं, दर वेळी चौथा हिस्सा काढायचा आणि अपूर्णांक येऊ द्यायचा नाही. मग सगळ्यात लहान आकडा चौसष्टच येतो ना, बाई? तुम्हीच सांगायचात, पोरांना अपूर्णांकानं नाही, विचारानं दमवा."

ते बाईंना दिसायला हवं होतं. एवढ्या दिवसांत त्यांनी दोरे बांधले, खिडकीशी कान लावले, पण कागद घेऊन गणित मात्र एकदाही मांडून पाहिलं नाही.

"प्रश्न कोण काढतं ते मला माहीत नव्हतं," ठोकळ्या म्हणाला. "परीक्षेनंतर पोरांनी पेपर आणून दिला. मी तो प्रश्न वाचला आणि म्हटलं, अरे, बाई आहेत अजून. भेटायला यायचं ठरवलं, तेवढ्यात ही चौकशी लागली. आता गेलो तर तुम्हीच गोत्यात याल, म्हणून थांबलो."

बाईंनी साहेबांना सगळं लिहून दिलं. ठोकळ्याचे जुने पेपर पुन्हा तपासले गेले, खारूला एकदा बोलावून विचारलं आणि सोडून दिलं. गुन्हा कुणाचाच निघाला नाही. "पण बाई, क्लासवाला तुमचा विद्यार्थी निघाला, म्हणजे संबंध निघालाच," साहेब म्हणाले. तो एक प्रश्न सगळ्यांसाठी रद्द झाला, आणि पुढच्या परीक्षेचं काम दुसऱ्या कुणाकडे गेलं. साहेबांनी आपलं काम केलं होतं, आणि संशय घेणं हे त्यांचं कामच होतं.

खारूला आणायला त्या मैत्रिणीच्या खोलीवर गेल्या. "चुकलं माझं," असं त्यांनी जिन्यातच सांगून टाकलं, आत जाईपर्यंत धीर राहील न राहील. खारूनं त्यांना हात धरून आत नेलं, बसवलं, उशी दिली.

"अगं, असू दे. मी तरी नापास झाल्याचं लपवलंच होतं की."

"मग चल घरी."

"येईन ना. पण इथून क्लास जवळ पडतो, मावशी. पुढची परीक्षा होईपर्यंत राहते. रविवारी येत जाईन."

क्लास घरापासूनही जवळच होता.

खारू बोलल्याप्रमाणे रविवारी आली. बेल वाजवून आली. ठोकळ्या सरांनी उजळणीत काय काय घेतलं ते तिनं सांगितलं, शेजारच्या काकूंची चौकशी केली, बाईंना गोळ्या वेळेवर घेतेस ना म्हणून दटावलंसुद्धा. सगळं पहिल्यासारखं चाललं होतं. बाईंना वाटलं, झालं, निवळलं. बाहेर ऊन कडक होतं. बोलता बोलता खारूला ठसका लागला. ती उठली, स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि उंबऱ्याच्या अलीकडे थांबली.

"मावशी," तिनं विचारलं, "पाणी घेऊ?"

ज्या घरात ती ओट्याला हात पुरत नव्हता तेव्हापासून डबे पाडत आली होती, त्या घरात तिनं हे विचारलं होतं. टोमणा नव्हता त्यात. चेहरा साधा, सरळ होता. बाई एवढंच म्हणाल्या:

"घे की गं."

आतून भांड्याचा आवाज आला. खारू पाणी प्यायली, तिनं भांडं विसळलं, कोरडं पुसलं आणि जिथलं होतं तिथे ठेवून दिलं.