काळी भिंत

तपासणीच्या फिरत्या पट्ट्यावर चालता चालता आईला धाप लागली, छाती आवळल्यासारखी वाटतेय म्हणाली, आणि त्याच क्षणी मी तिच्या हातातल्या सुईवाटे किरणोत्सारी औषध सोडलं. माझं रोजचंच काम. रक्त जिथे पोचतं तिथे ते पोचतं, हृदयाचा स्नायू ते आत ओढून घेतो आणि कॅमेऱ्यात तेवढा भाग उजळतो. आईच्या हृदयाची खालची भिंत काळी आली.

पहिल्या फोटोवरून लगेच धीर सोडायचा नसतो. प्राणवायूविना कासावीस झालेला भाग जिवंत असेल तर विश्रांतीत तो हळूहळू औषध घेतो आणि दुपारच्या फोटोत भरून येतो. मेलेला भाग घेत नाही. भरला तर ऑपरेशन, नाहीतर गोळ्या घ्या आणि दिवस काढा, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. तोवर पोटात काहीही जाऊ द्यायचं नाही, हे मी आईला बजावलं. बाबांना बजावलं नाही, कारण त्यांचं हृदय ठणठणीत होतं.

दुपारीही भिंत काळीच. पेशंटला आपल्या चेहऱ्यावरून काही कळता कामा नये, असा आमच्या खोलीचा नियम आहे. तो पाळून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर आले तर आईच्या मांडीवर बिस्किटांचा चुरा आणि बाबांच्या हातात थर्मास. तिचं तोंड एवढंसं झालं होतं, मला बघवेना, म्हणून फोटोच्या आधीच चहा दिला, असं ते म्हणाले. चांगला गोड केला होता म्हणे.

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर तोंडाचा पट्टा सुटला. गोड खाल्लं की औषध रक्तातून भराभर निघून जातं, त्या बिचाऱ्या भागाला घ्यायला काही उरत नाही, मग जिवंत असला तरी तो मेलेलाच दिसतो. एक दिवस चहावाचून काय अडलं होतं, असंही विचारलं. बाबा खाली मान घालून ऐकत होते. प्यायले मी, तर थोडं मलाही रागव, असं आई म्हणाली.

ओरडता ओरडताच माझी ट्यूब पेटली. म्हणजे हा फोटो चुकीचा असू शकतो! मी धावत जाऊन डॉक्टरांना गाठलं. उद्या थोडं औषध पुन्हा देऊन बघू, असं ते म्हणाले.

संध्याकाळभर बाबा माझ्या मागे मागे. म्हणजे चूक माझीच ना, नक्की ना, माझ्यामुळेच तसं दिसलं ना? मी हो म्हणाले की त्यांचा चेहरा खुलायचा. इतकी बोलणी खाऊन एवढा खूश झालेला माणूस मी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी आईबरोबर तेही उपाशीच आले. थर्मास घरी ठेवला होता.

पुन्हा औषध दिलं, पुन्हा फोटो घेतला. मी पडद्याकडे बघत बसले. कडेलाही उजेड नव्हता.

बाबा दारातच उभे होते. आमचा नियम मला त्या दिवशी जमला नाही.

"माझ्या चहामुळेच ना गं?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. चहानं काहीच बिघडलं नव्हतं. तुमची काही चूक नव्हती."

ते बाकावर मटकन बसले. आदल्या दिवशी तोंडाला येईल ते बोलले होते मी त्यांना, पण इतकं वाईट काही बोलले नव्हते.