झारी निघाली मस्कतला

सांगते ते कुणालाही पटणार नाही, आणि पटलं नाही तरी मला काही वाटणार नाही. नागावच्या दयारामांच्या वाडीतली मी पत्र्याची झारी. एके दिवशी भिंतीवरच्या खिळ्यावरून उतरले आणि समुद्र ओलांडून मस्कतला गेले. विमानानं नाही, स्वतःच्या बुडावर.

मित्रांनो, मला तोंड आहे, पण त्यातून पाणीच येतं. म्हणून बोलण्यासाठी मी दयारामांचा आवाज उसना घेतला आहे. रोज संध्याकाळी ते ओट्यावर बसतात, फोन तांब्याला टेकवून उभा करतात आणि माझ्या वतीनं सांगू लागतात. मधेच शब्द तुटले तर ती फोनची खोड समजा. माझी तोटी साफ आहे.

फोनच्या पलीकडे मस्कतच्या एका घरात त्यांची नात तेजस्वी बसलेली असते. तिला सगळे तेजू म्हणतात. ती फोनकडे पाठ करून बसते. दयारामांना दिसते ती फक्त तिची बोटाएवढी वेणी. सुरुवातीला ती फोनवर हसायची, गाल काचेला लावायची. मग एकदा तिनं झारी मागितली, मोठ्यांनी विषय बदलला, आणि तेव्हापासून तिनं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. तिनं वळावं, एवढ्यासाठी ही गोष्ट चालली आहे. नाही वळली तर घर विसरत चालली, असं समजायचं. पण ते दयारामांनी बघावं. मी पत्रा आहे.

माझा जन्म म्हसळ्याचा. बाबाजी नावाचे एक गृहस्थ तिथं पत्र्याची कामं करत. त्यांनी तेलाचा रिकामा डबा कापला, ठोकला, वळवला, सांध्यांना डाग दिला आणि मला कान बसवला. माझ्या पोटावर बरीच वर्षं भुईमुगाच्या शेंगेचं अर्धं चित्र होतं. दयाराम कुणाच्या तरी लग्नाला तिकडे गेले होते, ते मला घेऊन आले. एसटीत त्यांनी मला मांडीवर बसवलं होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, बाळ आहे का म्हणून. दयाराम म्हणाले, हो, पण रडत नाही. हे मात्र खरं सांगितलं त्यांनी.

वाडीत मी पांढऱ्या कांद्याच्या रोपांना पाणी घातलं. दयारामांच्या बायकोच्या, मैनाबाईंच्या अबोलीला घातलं. कांद्याच्या वेण्या रस्त्याला टांगल्या की समुद्रावर आलेले पाहुणे गाड्या थांबवून घ्यायचे आणि मातीची तारीफ करायचे. झारीची कुणी केली नाही. पुढे रबरी पाइप आला आणि मला खिळ्यावर टांगलं. पावसाळे गेले. पोटावरची शेंग गंजून गेली. मला त्याचं काही वाटलं नाही.

मग दयारामांच्या मुलाला, धनेशला मुलगी झाली, आणि ती चालायला लागल्यावर तिनं पहिलं बोट दाखवलं ते माझ्याकडे.

भरलेली मी तिला उचलवायची नाही. मैनाबाई माझ्यात पेलाभर पाणी घालायच्या, आणि तेवढं घेऊन तेजू वाडीभर फिरायची. नारळाच्या आळ्यात थेंब, अबोलीला थेंब. पाणी घातलं की रोप जीव धरतं, मग कुठं जात न्हाय, असं मैनाबाईंनी तिला सांगून ठेवलं होतं. तिनं ते फार मनावर घेतलं. चपलांना पाणी घातलं. झोपलेल्या मांजराला घातलं. शेजारच्या रावजींच्या मोटारसायकलला घातलं, आणि ती दुसऱ्या दिवशी सुरू झाली नाही तेव्हा, मूळ धरलं असेल, असं दयारामांनी त्यांना अगदी गंभीर तोंडानं सांगितलं.

त्या थंडीत पोपटीचा बेत झाला. वालाच्या शेंगा, बटाटे, मीठ, ओवा मडक्यात भरायचं, तोंडाशी भांबुर्डीचा पाला दाबून बसवायचा, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. पाण्याचा एक थेंब नाही, हाच पोपटीचा धर्म. सगळे खुर्च्या टाकून जाळाभोवती बसले होते. तेजू मला घेऊन आली आणि नेम धरून सगळं पाणी मडक्यावर ओतलं. जाळ बसला. मडक्याला तडा गेला. धूर सगळ्यांच्या डोळ्यांत.

धनेश ओरडला. दयाराम म्हणाले, "तिचं काय चुकलं? शेंगा घातल्या, पाला लावला, मातीत ठेवलं. मग पाणी कोण घालणार?"

रावजी डोळे पुसत उठले. "दयाराम, उगवली की बोलाव रे. तवाच येतो जेवायला."

त्या रात्री सगळ्यांनी अर्ध्या कच्च्या शेंगा खाल्ल्या. मित्रांनो, त्या अंगणात इतकं हसणं नंतर झालं नाही.

कारण धनेशची नोकरी मस्कतला लागली. एक दिवस पहाटे अंगणात बॅगा उभ्या केल्या. गाडी यायची होती. बायका आत डबे भरत होत्या, पुरुष कागद तपासत होते, आणि तेजू मला घेऊन बॅगांपाशी आली. मी आधीच भरून ठेवलेली होते, तिनं मला कसं उचललं कुणास ठाऊक. एकेका बॅगेच्या बुडाशी तिनं नीट पाणी घातलं. चाकांपाशी जरा जास्त.

मृणालीच्या, म्हणजे तेजूच्या आईच्या लक्षात आलं तोवर निम्मे कपडे भिजले होते. उघडा, पिळा, पुन्हा भरा. धनेशनं तेजूच्या हातातून मला ओढलं आणि खिळ्यावर टांगलं. तेजू म्हणत होती, झारी घ्या. धनेश दयारामांना म्हणाला, "तिथं सहाव्या मजल्यावर वाडी हाय का, बाबा? कुठं घेऊ हिला?" तो वाईट नाही. त्याला उशीर होत होता. गाडी गेली. अंगणात चार ओल्या चौकटी राहिल्या, त्या उन्हानं वाळल्या.

पुढचं सांगण्यासारखं नाही. मैनाबाई दोघांपुरता भात टाकतात, मग पुन्हा एक मूठ टाकतात. कांद्याची रोपं या वर्षी लावली नाहीत. कुणी विचारलं तर मैनाबाई म्हणतात, बरं चाललंय. दयारामही म्हणतात, बरं चाललंय. पाइप गुंडाळून ठेवलेला आहे.

म्हणून मी निघाले.

वाडीतून घरंगळत किनाऱ्यावर आले. तिथं पाहुण्यांना लाटांवरून ओढत नेणारी ती पिवळी केळ्याच्या आकाराची होडी असते, तिच्या शेपटीला माझा कान अडकवला. होडी वळली, मी सरळ गेले. लाटा आल्या. मला काही वाटलं नाही. रोज थोडं पाणी आत यायचं, ते मी तोटीतून बाहेर सोडायचे. एका सुरमईनं विचारलं, कुठल्या जातीचा मासा तू? म्हटलं, म्हसळ्याची. ती शेपूट हलवून पुढे गेली. समुद्राच्या मधोमध खारट पाण्याचा कंटाळा आला तेव्हा एका ढगाला थांबवून पोट भरून घेतलं. तेवढं गोडं पाणी मी अजून जपून ठेवलं आहे, कुणाला पाजायचं ते ठरलेलं आहे.

मस्कतच्या बंदरावर एका साहेबानं मला उलटं करून पाहिलं. काय वाजवतात हे, म्हणून तोंडाशी धरून फुंकलं. त्याच्या दाढीत नागावची वाळू गेली. त्यानं मला आदरानं सोडून दिलं.

आता मी तेजूच्या इमारतीखालीच उभी आहे. तिथं एक कडुनिंब आहे, त्याच्या मागं. वर यायला वेळ लागतो आहे, कारण लिफ्टच्या बटणापर्यंत मी पोचत नाही. पण येईन. खोटं वाटत असेल तर दयारामांच्या मागं भिंतीवर बघा. माझा खिळा रिकामा आहे. हवं तर कुणीही बघावं.

ऐकणाऱ्यांनी यातून काय घ्यावं? मित्रांनो, वस्तू जुनी झाली की तिला टांगून ठेवू नका. तिच्यात पेलाभर का होईना, पाणी घाला. पत्रा पाण्यानं गंजतो हे खरं, पण कोरडाही गंजतो, आणि तो गंज लवकर दिसत नाही. ज्या घरात लहान मूल असतं त्या घरानं निघताना एकदा मागं

इथं दयाराम थांबले. आवाज तुटला नव्हता. फोनमध्ये वेणी हलली होती. मैनाबाई आतून हात पुसत ओट्यावर आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

तेजू वळली. बरीच मोठी दिसत होती. आधी तिनं दयारामांकडे पाहिलं नाहीच, त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, नाक काचेला लागेल इतकी जवळ येऊन.

"खोटं बोलतोस, आजोबा," ती म्हणाली. "झारी थितंच हाय. तुझ्या मागं."