ओरडेल तो वापरतो

नवे साहेब आले तेच कात्री हातात घेऊन. कंपनी लिफ्ट दुरुस्तीची. शहरात कुठेही लिफ्ट अडकली की फोन इथे यायचा आणि इथून मेकॅनिक सुटायचा. कुठली लिफ्ट बंद, कुठला मेकॅनिक कुठे, ही सगळी माहिती एका मोठ्या संगणकात होती आणि ती मागायला एक एपीआय होता. ऑफिसात त्याला सगळे खिडकी म्हणत. आणि ती होतीही खिडकीच. एखाद्या विभागाचा प्रोग्राम तिथे येऊन विचारायचा, अमुक लिफ्टचं काय झालं, आणि आतून उत्तर मिळायचं. आता ही खिडकी जुनी झाली होती. साहेबांनी शेजारी नवी चकचकीत खिडकी उघडली होती आणि जुनीला कुलूप ठोकायचं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

जुनी खिडकी ताई सांभाळायची. आवाज हळू, मान खाली, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण एकदा एखादी गोष्ट तिच्या डोक्यात बसली की ती हलवणं कोणाच्या बापाला जमलं नव्हतं. हे साहेबांना अजून कोणी सांगितलं नव्हतं.

"ही जुनी खिडकी वापरतं कोण?" साहेबांनी विचारलं.

"हिशेब विभाग, गोदाम," ताई म्हणाली. "आणि 'चाचणी'."

खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला एक किल्ली दिलेली असे आणि किल्लीला नाव असे. या किल्लीचं नाव 'चाचणी'. खिडकी नीट चालते का ते बघायला कोणीतरी कधीकाळी काढलेली. पुढे ती कोणाच्या हातात गेली, देव जाणे.

"चाचणी म्हणजे कोणी नाही," साहेब म्हणाले.

"साहेब, ही चाचणी सकाळी ऑफिस उघडलं की येते आणि संध्याकाळी जाते. सुट्टीच्या दिवशी फिरकत नाही. दुपारी जेवणाच्या वेळेला गप्प असते. चाचणी कधी जेवायला जाते का?"

दोघे-तिघे हसले. साहेबही हसले, पण त्यांचं हसू निराळं होतं. "ताई, शोधाशोध करायला वेळ नाही. खिडकी बंद करा. ओरडेल तो वापरतो. जो ओरडणार नाही, तो वापरत नाही. संपलं."

ताईने खिडकी बंद केली. हिशेबवाल्यांनी लगेच आकाशपाताळ एक केलं. गोदामवाला तर धापा टाकत जिना चढून आला आणि तिच्या टेबलावर हात आपटून गेला. दोघांना नव्या खिडकीची किल्ली मिळाली. त्यासाठी नाव, विभाग आणि कारण साहेबांना सांगावं लागे; त्यांनी मान डोलावली तरच किल्ली. 'चाचणी'ने मात्र दिवसभरात ब्र काढला नाही.

"बघितलंत?" संध्याकाळी साहेब म्हणाले. "उद्याच्या मीटिंगमध्ये सही करा. 'कोणी वापरत नाही' असं लिहा आणि कायमची काढून टाका."

ताई घरी गेली ती धुसफुसतच. जेवताना तिचं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्या एकाच बाजूने, अगदी जपून चावत होत्या.

"आई, कवळी टोचते का?"

"टोचते की. बरेच दिवस झाले."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही हीसुद्धा काढून घेतली असती," सासूबाई म्हणाल्या. "नवी येईपर्यंत मी काय गिळून जगू? आहे ती बरी आहे."

ताईचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जागेवर बसलीच नाही. काल कोण ओरडलं हे तिला माहीत होतं. आता कोण गप्प आहे ते बघायला ती निघाली. फार लांब जावं लागलं नाही. मीटिंगच्या खोलीला लागून टेलिफोनची खोली होती आणि त्या बोळात पाय ठेवताच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. भोंगा ऐकू येत नव्हता.

भोंगा म्हणजे टेलिफोनवर बसणारा माणूस. नोकरीला लागला त्याच आठवड्यात हे नाव पडलं, इतका त्याचा आवाज मोठा. अडकलेल्या माणसाला धीर द्यायला लागला की सगळ्या मजल्याला धीर यायचा. त्याला हळू बोला म्हणून सांगता सांगता किती जणांनी हात टेकले होते. तो आज नाक संगणकाच्या पडद्याजवळ नेऊन, हातात भिंग धरून बसला होता आणि हेडफोनमध्ये कुजबुजत होता, "जरा थांबा हं, बघतो."

ताईने दार लावून घेतलं. "दादा, चाचणी तुम्हीच ना?"

भोंग्याने भिंग घाईघाईने खणात टाकलं. पण खण लावायचं राहूनच गेलं.

"डोळ्यांपुढे धुकं आहे, ताई. अक्षरं दिसत नाहीत आता," तो म्हणाला. "मुलगी इथे शिकाऊ होती, तेव्हा तिने एक प्रोग्राम करून दिला. मी इमारतीचं नाव टाइप करतो, कळफलक बोटांना पाठ आहे. तो खिडकीवर जाऊन विचारतो आणि उत्तर माझ्या या कानात बोलून दाखवतो. कोणाला पत्ता लागला नाही. काल सकाळी कान एकदम मुका झाला."

"मग ओरडला का नाहीत? तुम्ही?"

"ओरडून सांगू काय? मला दिसत नाही म्हणून? डोळे गेले म्हटलं की खुर्ची गेली. नवी किल्ली मागायची तर नाव आणि कारण सांगायला हवं. ताई, पाया पडतो, साहेबांपुढे बोलू नकोस."

"नाही बोलणार," ताई म्हणाली. शब्द देऊन ती उठली आणि शेजारच्या खोलीत मीटिंगला गेली.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. ताईने तो तसाच परत सरकवला.

"मी सही करणार नाही. वापरणारा आहे."

"कोण?"

"ते सांगणार नाही."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "नाव नाही म्हणजे माणूस नाही, ताई."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नाव सांगितलं तर तो माणूस तुम्ही ठेवणार का, ते आधी सांगा! म्हणे ओरडेल तो वापरतो! ज्याला ओरडायची भीती नाही तो ओरडतो, साहेब. ज्याचं पोटच त्या खिडकीवर आहे, तो कशाला ओरडेल? तो तोंड शिवून बसेल आणि मरेल!"

इतकी वर्षं कोणी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. टेबलाभोवतीची सगळी मंडळी आपापल्या चहाच्या कपात बघायला लागली.

"तुमच्याऐवजी दुसरं कोणी सही करेल," साहेब थंडपणे म्हणाले.

"करू दे. पण हे खोटं माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. माझी खुर्ची काढायची तर काढा."

तिने पेनाला टोपण लावलं आणि ते कागदावर ठेवून दिलं.

मधली भिंत पातळ होती. दार उघडलं आणि भोंगा आत आला, हेडफोन गळ्यात, एक हात चाचपडत खुर्चीच्या पाठीवर.

"दादा, तुम्ही जा," ताई कळवळून म्हणाली.

"गप्प बस. माझ्यासाठी तू घसा फोडायचा आणि मी भोंगा असून गप्प बसायचं?" तो साहेबांच्या आवाजाच्या दिशेने वळला. "साहेब, ओरडेल तो वापरतो ना?"

"हो, पण..."

"मग ऐका. मी वापरतो!"

खिडक्यांच्या काचा हादरल्या. बोळात दारं उघडल्याचे आवाज आले.

"मी! तुमची चाचणी! डोळे अधू आहेत माझे. कान आणि जीभ शाबूत आहेत आणि हे काम त्या दोहोंवर चालतं. माझ्यामुळे एक माणूस लिफ्टमध्ये जास्त वेळ अडकला असेल तर दाखवा आणि काढा मला. पण मी नाहीच, असं म्हणू नका. मी आहे!"

साहेब काही बोलणार, एवढ्यात पलीकडच्या खोलीत फोन वाजला. भोंग्याची मान आपोआप तिकडे वळली.

"कोणीतरी अडकलंय," तो म्हणाला. आवाज आता कामाचा झाला होता. "मी जातो फोनवर. ताई, खिडकी उघड."

"एक मिनिट, याला मंजुरी..." साहेब म्हणाले.

ताईने लॅपटॉप पुढे ओढला आणि खिडकी उघडली. मग किल्लीवरचं 'चाचणी' पुसून तिथे 'टेलिफोन विभाग' असं लिहिलं. थोड्या वेळात भिंतीपलीकडून भोंगा सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा बोलू लागला, "घाबरू नका बाई, आमचा माणूस तुमच्या मागच्याच रस्त्यावर आहे. तोवर माझ्याशी बोला."

गडबडीत साहेबांचं बोलणं ऐकूच आलं नाही, असं ताई पुढे सगळ्यांना सांगायची. खरं तर तिला ते स्पष्ट ऐकू आलं होतं.