दोन खाचा

दादा आपल्या पायांनी डबा घेऊन दारात आला, तेव्हा बारकीच्या मनात पहिला विचार आला तो हा, की बावीस वर्षांनी का होईना, सापडलास लेका.

बारकी एकेचाळीस वर्षांची बाई, पण घरातली धाकटी, म्हणून बारकीच राहिली. जुन्या फिल्म डिजिटल करून देणं हा तिचा धंदा. लोक मळकट डबे आणून टाकायचे. ती एकेक फूट फिल्म मऊ फडक्यानं पुसायची, निसटलेले सांधे जोडायची आणि स्कॅनरवर लावून एकेक फ्रेम संगणकात उतरवायची.

आजच्या डब्यात ‘ती’ फिल्म होती. अकरा मिनिटांची, काळी-पांढरी, बाबांच्या शेवटच्या महिन्यातली. बाबा कॅमेरे दुरुस्त करायचे. टेबलाशी बसून, चष्मा कपाळावर ढकलून, हरवलेला स्क्रू शोधताहेत, एवढंच त्यात आहे. पण बघणाऱ्याला आपलाच बाप आठवतो. ही फिल्म बारकीनं काढली होती, चावी द्यायच्या कॅमेऱ्यावर, एकोणिसाव्या वर्षी. बाबा गेले, ही रडून रडून अंथरुणाला खिळली, आणि तेवढ्यात दादानं फिल्म आपल्या नावानं स्पर्धेला पाठवून दिली. बक्षीस, मग नोकरी, मग भाषणं! ही विचारायला गेली तर म्हणतो कसा, “नाव कुणाचं का असेना, घरातच आहे ना?” निर्लज्ज कुठला! आणि साक्ष काढायची कुणाची? बाबा तर गेलेले.

“शनिवारी सत्कार आहे गं माझा,” दादा म्हणाला. “मोठ्या पडद्यावर दाखवायचीय. प्रतीवर ओरखडेच ओरखडे, म्हणून मूळ निगेटिव्ह आणलीय. तुझ्याइतकं स्वच्छ काम कुणी करत नाही.”

“ठेव,” बारकी म्हणाली. “माझ्या हातात दिलीस ना, आता काळजी सोड.”

निगेटिव्ह! इतकी वर्षं त्यानं ती कपाटात कुलूप लावून ठेवली होती. दादाची पाठ वळताच तिनं पहिले चार फूट स्कॅनरवर लावले आणि फ्रेमची डावी कड मोठी करून पाहिली. होत्या! दोन्ही जागच्या जागी होत्या.

गोष्ट अशी. कॅमेऱ्यात भिंगामागे एक चौकट असते, तिला गेट म्हणतात. प्रत्येक फ्रेम तिथे क्षणभर थांबते आणि गेटचा आकार तिच्यावर उमटतो. दोन पोरांना बाबांनी दोन सारखे कॅमेरे दिले होते आणि रिळं एकाच टाकीत धुतली जायची. कुणाचं कुठलं ते कळावं म्हणून बाबांनी दादाच्या गेटला कानशीनं एक बारीक खाच पाडली. बारकीनं भोकाड पसरलं, “दादाला एक, तर मला दोन!” म्हणून तिच्या गेटला दोन. प्रोजेक्टर फ्रेमच्या कडा झाकतो, स्कॅन करणारेही त्या कापूनच देतात. त्यामुळे खाचा पडद्यावर कधी आल्या नाहीत, आणि येऊ शकतात हे दादाच्या डोक्यातही आलं नाही.

बारकीनं काम मन लावून केलं. कचरा काढला, उजेड सावरला. फक्त कडा कापल्या नाहीत.

शुक्रवारी तिनं फोन लावला. “दादा, उद्या तुझा कॅमेरा घेऊन जा. आणि बाबांची खाचेची गोष्ट सांग ना. माझं भोकाडसुद्धा सांग, लोक हसतील.”

“वा! बारके, बरं सुचतं गं तुला!” दादा खूश.

फोन ठेवून ती पोट धरून हसली, आणि मग रडली. बाबांना यात ओढतेय याचं तिला वाईट वाटत होतं. पण माघार घ्यायची नाही, हे ठरलेलं होतं.

शनिवारी सभागृह खच्चून भरलं होतं. दादानं कॅमेरा उंच धरला, भोकाडाची नक्कल केली, हशा पिकवला. “आणि ही बघा माझी एक खाच,” तो म्हणाला. “बाबांनी दिलेली माझी सहीच म्हणा ना!” टाळ्या पडल्या. दिवे विझले.

पडद्यावर बाबा आले, चष्मा कपाळावर. आणि डाव्या काळ्या कडेवर हातहातभर लांबीचे दोन पांढरे दाते.

पुढच्या रांगेतून कुणीतरी चक्क मोजलं, “एक... दोन.” कुजबूज रांगेरांगेनं मागे सरकत आली. शेजारी बसलेल्या वहिनीनं बारकीचा दंड धरला.

“बारके, दोन आहेत गं.”

“हो.”

“म्हणजे यांनी नाही...?”

“नाही, वहिनी. माझी आहे ती. पहिल्यापासून माझीच.”

वहिनीनं दंड सोडला आणि डोळ्यांना पदर लावला. बारकीला तिची कीव आली, पण तिच्या नवऱ्याची नाही आली.

दादा धावत पडद्यासमोर गेला. “दिवे लावा! बिघाड आहे, तांत्रिक बिघाड! बंद करा!”

कुणी हललं नाही. बारकी उठून उभी राहिली. दादासमोर तिनं जन्मात कधी आवाज चढवला नव्हता, आणि आत्ताही चढवायची गरज पडली नाही.

“बिघाड नाहीये, दादा. खाली बस. अजून नऊ मिनिटं आहेत, आणि तुझी सावली बाबांच्या तोंडावर पडतेय.”

दादा बसला.