जितेशजींचं मीटर आणि पेट्रोमॅक्सची जाळी

"काका, तुमचं लॉकेट रात्रंदिवस इलेक्ट्रॉन सोडतं म्हणता, मग ते संपत कसे नाहीत?"

प्रश्न विचारला अनुष्काने, पण पैज होती तिच्या मैत्रिणींची, पिंकी आणि क्लेमेंटीनची. हिंमत असेल तर भर सभेत विचारून दाखव, शेवपुरी आमच्याकडून! आणि दहावीत गेल्यापासून अनुष्काच्या अंगात हिंमत नुसती उतू जात होती.

विरारच्या बोळिंजमधल्या त्यांच्या सोसायटीचा हॉल खच्चून भरला होता. खुर्च्या संपल्या तशी माणसं जिन्यात बसली. स्टेजवर पांढऱ्या कोटात अणुयोगी जितेशजी, आणि त्यांच्यापुढे टेबलावर मोबाईलएवढं, आयन मोजायचं मीटर. नुसतं ठेवलं तर गप्प. खाली काळं लॉकेट सरकवलं, की टिक टिक टिक! आकडा धावत सुटायचा, आणि अख्खा हॉल एका सुरात "ओहोहो!" करायचा.

"माऊली, हे मशीन आहे. मशीन खोटं बोलतं का?"

"नाही!" हॉल गरजला.

"ऋण आयन! कणाद ऋषींचा परमाणू! हिमालयातल्या सात गुहांची माती! रक्तातल्या एकेका प्रोटॉनला आंघोळ घालते!"

"आमच्या पापडी गावात हा आला होता तेव्हा हीच माती जॉर्डन नदीची होती," क्लेमेंटीन कुजबुजली. "विरारला येईपर्यंत हिमालयात गेली बघ."

अनुष्काच्या प्रश्नावर मात्र जितेशजी जराही गडबडले नाहीत. गोड हसले. "बेटा, आईचं प्रेम कधी संपतं का?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी, म्हणजे अनुष्काच्या बाबांनी. जितेशजींना बोलावलं होतं त्यांनीच.

शेवपुरी मिळाली. उत्तर मिळालं नाही.

पिंकी-क्लेमेंटीनसाठी ती गंमत होती, अनुष्कासाठी नव्हती. दुसऱ्या रांगेत भर मे महिन्यात स्वेटर घालून बसलेली बाई तिची आई होती. दोन महिन्यांपूर्वी जितेशजींनी तिला सांगितलं होतं, "ताई, थायरॉईड गळ्यात, लॉकेटही गळ्यात. मग गोळी पोटात कशाला?" बाबांना हे इतकं पटलं, की गोळ्यांची बाटली त्याच दिवशी फ्रीजच्या वर गेली. तेव्हापासून आईचा चेहरा सुजत चालला होता. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. स्वयंपाक करताना गाणारी आई आता घोगऱ्या आवाजात विचारायची, "अनू, आमटीत मीठ घातलं का गं मी?" दोनदा घातलेलं असायचं.

"शरीर विष बाहेर टाकतंय," जितेशजी म्हणायचे. बरं वाटलं तर लॉकेटचा गुण, वाईट वाटलं तरी लॉकेटचाच गुण!

बाबांनी अनुष्कालाही एक लॉकेट दिलं होतं, अभ्यासात लक्ष लागावं म्हणून. दहावीचे वर्ग सुट्टीतही भरत होते. सोमवारी तिने ते विज्ञानाच्या बॅप्टिस्ट सरांच्या टेबलावर आपटलं.

"सर, याच्यात खोट आहे हे मला कळतं. पण मीटर खरंच वाजतं हो!"

सरांनी लॉकेट चिमट्याने उचलून दूर ठेवलं. पाठीवर हात फिरवत त्याच हाताने छडी शोधणाऱ्या जातीचे हे सर नव्हते. प्रश्न आवडला की डोळे बारीक करायचे. आत्ता ते अगदी बारीक झाले.

बुधवारी प्रयोगशाळेत काचेची बरणी उलटी ठेवलेली होती. तिच्या वरच्या टोकाला अल्कोहोलमध्ये भिजवलेला जाड कापडाचा तुकडा. खाली गोखिवऱ्याच्या आइस्क्रीमवाल्याकडून आणलेला कोरडा बर्फ. मध्ये लॉकेट. सरांनी दिवे घालवले आणि बाजूने टॉर्च मारला.

पाच मिनिटं काहीच नाही. मग लॉकेटमधून एक पांढरा धागा सुटकन बाहेर आला आणि विरून गेला. मग दुसरा. मग चहूबाजूंनी!

"अगं बाई! हे इलेक्ट्रॉन?"

"आकाशात विमान दिसत नाही, पण मागे पांढरी रेघ दिसते ना? तशा या कणांच्या वाटा आहेत. काही मूलद्रव्यांना आपलं अणुकेंद्र सांभाळता येत नाही. थोरियम त्यातलंच. त्याच्या केंद्रात नव्वद प्रोटॉन. त्यातून दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन एकदम बाहेर फेकले जातात, आणि उरतो अठ्ठ्याऐंशीचा रेडियम. फेकलेला तुकडा जाता जाता हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवत सुटतो. इलेक्ट्रॉन लॉकेटचे नव्हेत, हवेचे! झाले आयन तयार, वाजलं मीटर."

"म्हणजे मीटर खरं बोलतं?"

"शंभर टक्के. ते ओरडून सांगतंय, हे लॉकेट किरणोत्सारी आहे, गळ्यात घालू नका. ऐकणाऱ्यांना ते आशीर्वादासारखं ऐकू येतं, त्याला मीटर काय करणार?"

"आणि ते संपत का नाही?"

"संपतं की! थोरियमचे अर्धे अणू संपायला चौदाशे कोटी वर्षं लागतात. तोवर तुझे जितेशजी वसई-विरार सोडून गेलेले असतील."

अनुष्का हसली नाही. "आईला काही होईल, सर?"

"लॉकेट वर्षानुवर्षं कातडीला लागून असणं वाईटच. पण त्याहून वाईट ती बंद केलेली गोळी. ती आधी सुरू व्हायला हवी." मग त्यांनी कपाटातून प्लास्टिकची छोटी पिशवी काढली. आत पांढरी, विणलेली जाळी. "माझ्या वडिलांची पेट्रोमॅक्स बत्ती पापडीतल्या प्रत्येक लग्नात जायची. या जुन्या जाळ्यांना थोरियम लावलेलं असे, म्हणून त्या लख्ख उजळायच्या. लॉकेटमध्येही तेच असावं असा माझा अंदाज आहे. खात्री मोठी प्रयोगशाळा करील. पण मीटरला हिमालय आणि पेट्रोमॅक्स यातला फरक कळतो का, ते आपणही बघू शकतो."

रविवारी हॉल पुन्हा भरला. अनुष्का सरांना घेऊन थेट स्टेजवर चढली. कुणी अडवायच्या आत तिने मीटरखालचं लॉकेट बाजूला केलं आणि पिशवीचं तोंड उघडून ती तिथे ठेवली.

टिक टिक टिक टिक!

आकडा चढला. लॉकेटच्याही वर गेला.

"ही लग्नातल्या बत्तीची जाळी आहे," अनुष्का म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता. "हिमालयातली नाही, जॉर्डन नदीतली नाही. थायरॉईड हिने बरा होतो का? मग लॉकेटने कसा होईल? दोन्हींतूनही तेच किरण येतात!"

सरांनी शांतपणे सगळं समजावलं. थोरियम, रेडियम, हवेतले इलेक्ट्रॉन, सगळं. दोन-चार माणसांचे हात गळ्याकडे गेले. झालं, जिंकलो, असं अनुष्काला वाटलं.

तेवढ्यात जितेशजींनी हात जोडले. डोळ्यांत पाणी आणलं. "पाहिलंत? आपल्या पूर्वजांनी ही शक्ती बत्तीत ठेवली होती! आपण बल्ब लावले आणि रोग घरात आले! या लेकराच्या हातून आज सिद्ध झालं!"

अशा टाळ्या त्या हॉलने कधी ऐकल्या नव्हत्या. गळ्याकडे गेलेले हात टाळ्यांत सामील झाले. पहिल्या रांगेतल्या बायजाआजी काठी टेकत पुढे आल्या आणि बॅप्टिस्ट सरांना विचारू लागल्या, "मास्तर, ती जाली माझ्या गुडघ्याला बांधली तर चालंल का वो?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. अनुष्काने दुसऱ्या रांगेत पाहिलं. एवढ्या गदारोळात आई बसल्या जागी झोपली होती. मान एका बाजूला कलली होती, आणि लॉकेट तिच्या श्वासाबरोबर सावकाश वरखाली होत होतं.

घरी आल्यावर बाबा भडकले. "चारचौघांत शोभा केलीस माझी!"

"बाबा, मीटर तुमच्यासमोर वाजलं ना?"

"वाजलं! म्हणूनच म्हणतो, शक्ती आहे!"

पुरावा दाखवला, तर त्यालाच हार घातला. अनुष्काला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. आई सोफ्यावर बसून बांगडी फिरवायचा प्रयत्न करत होती. बांगडी फिरत नव्हती.

अनुष्काने स्टूल ओढलं, फ्रीजच्या वरची बाटली काढली, धूळ पुसली आणि दोघांच्या मध्ये ठेवली.

"माझं ऐकू नका, सरांचंही ऐकू नका. जितेशजींचं मीटर हवा मोजतं. आईला ते मोजतच नाही. आईचं रक्त मोजणारं मीटर लॅबमध्ये आहे. गोळी चालू असताना काय आकडा होता, तो फाइलमध्ये आहे. आज काय आहे, ते बघू. सुधारला असेल तर मी स्वतः दोन लॉकेटं घालून शाळेत जाईन. बिघडला असेल तर लॉकेट उतरेल आणि डॉक्टर सांगतील तशी गोळी सुरू होईल. यात कुणाच्या श्रद्धेला हात लावला मी?"

तिने आईची फाइल काढून बाटलीशेजारी ठेवली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या सकाळी सात वाजता आईला घेऊन मी लॅबमध्ये जाणार. बाबा, तुम्ही आलात तर रिक्षाने जाऊ. नाही आलात तर मी तिचा हात धरून चालत नेईन."