सासूची कातडी

सून भाजली की गावाला पुरावा लागत नाही. मांडवगण फराट्याच्या साळूबाईंच्या सुनेला, अनुपमाला, दौंडच्या दवाखान्यात नेलं आणि त्याच दिवशी पारावर निकाल लागला: सासूनंच पेटवली. गॅसचा भडका उडाला तेव्हा साळूबाई मळ्यात होत्या, पण हे ऐकून घ्यायला सवड कुणाला! घरात होता तो त्यांचा एकुलता एक मुलगा, विश्वजीत. त्याचं नाव कुणी काढलं नाही.

अनुपमाची आई सोजराबाई इनामगावाहून आल्या त्या खाटेशी ठाण मांडून बसल्या. विहिणीनं आणलेलं पाणीसुद्धा त्या लेकीला देईनात.

अनुपमाची पाठ, छाती, हात भाजले होते. स्वतःची चांगली कातडी फार थोडी, मांडीपुरतीच उरली होती. ती एकदा काढून लावून झाली; तिथं नवी येईपर्यंत डॉक्टर रश्मींना तात्पुरती दुसऱ्या कुणाची तरी हवी होती. सोजराबाईंना साखरेचा आजार. विश्वजीत म्हणाला, "मला कारेगावच्या कंपनीत सुट्टी न्हाई." साळूबाई पुढं झाल्या.

"माझ्या मांडीची घ्या."

"ही टिकणार नाही हं, मावशी," रश्मी म्हणाल्या. "दुसऱ्या महायुद्धात विमानं पेटायची, बॉम्ब पडायचे, भाजलेली माणसं ढिगानं यायची. तेव्हा स्कॉटलंडात गॅसच्या शेगडीवर भाजलेल्या एका बाईला सख्ख्या भावाची कातडी लावली. ती गळाली. परत लावली, तर आणखी लवकर गळाली. शरीर परक्याची कातडी ओळखतं आणि टाकून देतं, हे तेव्हा नीट समजलं. पण तोवर जखम झाकलेली राहते. माणूस तगतो."

"तगू द्या की मग," साळूबाई म्हणाल्या.

आणि खरंच, काही दिवसांनी ती कातडी सुटायला लागली. सोजराबाईंनी वॉर्ड डोक्यावर घेतला. "बघा! हिचं पाप हाय, म्हनून लागंना हिची कातडी!" गावात तर जत्राच भरली म्हणा ना. रश्मी तडकल्या. "तुमची लावली असती तरी गळालीच असती!" तोवर अनुपमाच्या मांडीची कातडी पुन्हा घेण्याजोगी झाली होती, आणि तिची तिला लागलीसुद्धा. सोजराबाईंची नजर तरीही निवळली नाही.

साळूबाईंच्या मनात मात्र वेगळीच पाल चुकचुकत होती. विश्वजीत रोज फोन करायचा. बायको कशी आहे, हे एकदाही विचारलं नाही. विचारायचा एवढंच: "काय बोलली का?"

हवालदार जबाब घ्यायला आले, त्या दिवशी सुट्टी न मिळणारा हा गडी बरोबर हजर. आईला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, तू कातडी दिलीस. तुझा शब्द ती मोडायची न्हाई. गॅस आपसूक भडकला, आसं सांगाय लाव तिला."

"मग भडकला कसा, रं?"

त्यानं मान खाली घातली. "डोकं फिरलं हुतं माझं."

पोटचा गोळा तो. साळूबाई आत गेल्या. हवालदार खाटेशी बसले होते, उशाशी सोजराबाई. अनुपमा सासूकडे भेदरून बघत राहिली.

"त्यांनी काय सांगायला पाठवलंय, आत्याबाई?"

"ती कातडी कवाच गळून पडली, बाई," साळूबाई म्हणाल्या. "माझं तुझ्यावर काय बी राहिलं न्हाई. खरं ते सांग."